दारापासून तिसरी लादी

मित्रांनो, मी काही फार जुना नाही. दगडाच्या जातीत सहा वर्षं म्हणजे कालचं पोर. पण माझ्या अंगावर तळहाताएवढा एक तपकिरी डाग आहे. घरी कुणी नवीन माणूस आलं की हमखास विचारतं, "अरेरे, एवढा छान ओटा, हे काय झालं?" मग घरातले लोक चहाचं विचारतात, हवापाण्याचं बोलतात, आणि विषय तिथेच राहतो. शेवटी मी ठरवलं, आपली गोष्ट आपणच सांगून टाकावी. मी एका स्वयंपाकघराचा पांढरा ओटा आहे, क्वार्ट्झचा.

आधी जन्माचं सांगतो, कारण त्याचा मला फार तोरा होता. डोंगरातून कापून आणलेला दगड वेगळा आणि मी वेगळा. गारगोटीचा बारीक चुरा, त्यात राळेसारखं चिकट द्रावण आणि पांढरा रंग, असं सगळं कणकेसारखं मळून मला घडवलं. मोठ्या यंत्राखाली दाबलं, थरथरवलं, भाजलं, आणि मग इतकं घासलं की छताचे दिवे माझ्यात दिसू लागले. घासणाऱ्या कारागिराने हातमोजा काढून माझ्यावरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाला, "हिच्यावर माशीसुद्धा घसरून पडेल." झालं! तेव्हापासून मी जो शेफारलो तो शेफारलोच. मला वाटायचं, आपण ज्या घरात जाऊ तिथे उजेडच उजेड होणार.

कारखान्यातून मी लाद्यांच्या वखारीत आलो. लांबलचक शेड होती आणि आम्ही सगळ्या लाद्या लोखंडी चौकटींना टेकून ओळीने उभ्या होतो. स्वयंपाकघर नवं करायला निघालेली माणसं दिवसभर यायची. कुणी कपाटाच्या दाराचा नमुना आणायचं, कुणी पडद्याचा तुकडा. नवरा-बायकोंची तिथे हटकून जुंपायची. "याच्यावर चहाचे डाग दिसतील हं." "तू चहा सांडतोसच कशाला?" आम्ही लाद्या गुपचूप ऐकायचो. आमची करमणूक तेवढीच होती.

एके दिवशी सकाळी एक बाई एकटीच आली. सत्तरीची, ठेंगणी, केस घट्ट बांधलेले. विक्रेत्याला म्हणाली, "काळी लादी दाखवा. एकदम काळी. ठिपके नकोत, रेघा नकोत."

त्याने तिला काळीपाशी नेलं. तिने पर्समधून पांढरा रुमाल काढला, काळीच्या अंगावर धरला, मागे सरकून पाहिलं, पुन्हा नाक टेकेल इतकी जवळ जाऊन पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं.

"ही दारापासून कितवी?" तिने विचारलं.

"तिसरी, मावशी."

"उद्या लेक-जावयाला घेऊन येते. मी नुसतं बोट दाखवीन, तुम्ही लगेच माप लिहायला घ्या."

विक्रेता हसला. "लेकीला एवढं घाबरता?"

"घाबरत नाही हो. तिला वाटलं पाहिजे की मी आले, बघितलं आणि मला आवडली. बाकी काही नको."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बाजूला गेल्यावर ती दाराकडे गेली आणि परत आमच्याकडे आली. येताना एकेका लादीच्या कडेला हात लावत होती. एक, दोन, तीन. मी पाचव्या जागेवरून पाहत होतो आणि मला गंमत वाटत होती. म्हटलं, डोळ्यांसमोर आहेत की लाद्या, बोटांनी काय मोजायच्या!

दुसऱ्या दिवशी सकाळीच एका कंत्राटदाराची गाडी आली आणि काळी लादी तिच्यात चढली. तिच्याबरोबर आणखी एक गेली. मोकळी जागा भरायला क्रेनने मला उचललं आणि पुढे आणून ठेवलं. दारापासून तिसऱ्या जागेवर.

दुपारी ती तिघं आली. लेक आल्याआल्या मोबाइलवर कपाटांचे फोटो उघडून बसली. जावई सगळ्या लाद्यांवर टिचक्या मारत, "ही चांगली वाजते," असं म्हणत फिरत होता. त्या दोघांची पाठ असताना आई कडांना हात लावत आली. एक, दोन, तीन. तिने माझ्यावर तळहात टेकवला आणि मोठ्याने म्हणाली, "ही. मला हीच पाहिजे."

लेक वळली आणि बघतच राहिली. "आई! पांढरी? तुला पांढरी आवडली? मला वाटलं तू काळ्यावर अडून बसणार. मी तर वाटभर भांडणाची तयारी करत आले!"

मित्रांनो, तो हात माझ्यावर होता, म्हणून मला कळलं. बाकी कुणालाही कळलं नाही. बोटं एकदम ताठ झाली, थंड पडली. वर पांढरेशुभ्र दिवे होते आणि आम्ही सगळ्या लाद्या चकाकत होतो. त्या चकाकीत तिला आमच्यातली एकही धड दिसत नव्हती. काल सकाळच्या मंद उजेडात रुमाल धरून जे जमलं होतं, ते आज जमत नव्हतं.

कालचा विक्रेता पलीकडून लगबगीने आला. "मावशी, कालची ती तर..."

"कालचं काल झालं हो," ती घाईने म्हणाली.

"काल? काल तू इथे आली होतीस?" लेकीने विचारलं.

"अगं, इकडून जात होते, डोकावले." आणि मग तिने माझ्यावरून हात फिरवला आणि हसून म्हणाली, "का गं? म्हाताऱ्या माणसाला पांढरं आवडू नये की काय?"

"घ्या! आईंनी पक्ष बदलला," जावई म्हणाला. सगळे हसले. तिने हात उचलला तेव्हा माझ्यावर घामाचा ओला ठसा उमटला होता. लेकीने तो रुमालाने पुसला आणि माझा फोटो काढला.

एका शब्दाने सगळं थांबलं असतं. पण तो शब्द बोलायचा तर आपल्याला दिसत नाही हेही सांगावं लागलं असतं.

मग माप घेणारा आला, मला कापलं, भांडी घासायच्या जागेसाठी पोटात चौकोनी भोक पाडलं, कडा गोल केल्या. घरात नेलं तेव्हा दाराशी पोती ठेवलेली होती, आणि त्यांत जुन्या ओट्याचे काळे तुकडे होते. त्या ओट्यावर आईने तीस वर्षं काम केलं होतं. काम म्हणजे नुसता घरचा स्वयंपाक नव्हे. ती बिस्किटं आणि केक करून विकायची. नवरा गेल्यावर तिने याच कामावर लेकीला वाढवलं. आजूबाजूच्या चार गल्ल्यांतल्या वाढदिवसांचे केक तिच्या हातून जायचे आणि सगळे तिला केकवाली काकू म्हणायचे. लेक लग्नानंतर नवऱ्यासह पुन्हा आईकडेच राहायला आली होती. स्वयंपाकघर समोरच्या इमारतीच्या भिंतीमुळे अंधारं झालं होतं, म्हणून ते उजळ करायचं तिच्या फार मनात होतं. आईचं चांगलं व्हावं म्हणूनच ती झटत होती, हे मी आजही सांगेन.

मला बसवणाऱ्या मिस्त्रीने जाताना बजावलं, "काकू, तापलेलं भांडं याच्यावर थेट टेकवायचं नाही. दगड दिसतो, पण पूर्ण दगड नाही. भाजला की डाग पडतो, आणि तो निघत नाही. खाली लाकडी फळी ठेवत जा."

"ठेवीन," आई म्हणाली.

पहिले काही दिवस माझे फार कौतुकाचे गेले. शेजारणी आल्या, तोंडात बोटं घालून उभ्या राहिल्या. कुणी म्हणालं, खोली दुप्पट मोठी वाटते. कुणी म्हणालं, इथे बसून जेवावंसं वाटतं. मी फुगून गेलो होतो. आई कोपऱ्यात उभी राहून "हो, छान आहे, छान आहे," म्हणत होती.

मग तिने माझ्यावर पहिल्यांदा पीठ घेतलं. काळ्या ओट्यावर पांढरं पीठ तिला दिसायचं. कणकेची कड कुठे संपते, अंड्याचं टरफल कुठे पडलं, साखर कुठे सांडली, सगळं त्या काळ्यावर उठून दिसायचं. माझ्यावर पांढऱ्यात पांढरं मिसळून गेलं. ती लाटायची आणि बोटाने जाडी चाचपायची, पुन्हा लाटायची, पुन्हा चाचपायची. बिस्किटं एका कडेला करपायची आणि दुसऱ्या कडेला कच्ची राहायची. तिच्या हातांना सगळं माहीत होतं, तरी तिची त्रेधा उडायची.

तिने एक युक्ती काढली. जुना गडद निळा टॉवेल माझ्यावर अंथरायचा आणि त्यावर मळायचं. मला याचा भारी राग आला. माझं एवढं रूप, आणि ही मला टॉवेलाखाली झाकते! एके दिवशी लेकीने तो टॉवेल पाहिला.

"आई, हे काय? एवढा सुंदर ओटा घेतला तो झाकायला?" तिने तो झटकला, घडी केली आणि धुवायच्या कपड्यांत टाकला.

मला तेव्हा आनंद झाला, मित्रांनो. हे मी लपवणार नाही. आईने उघड्या ओट्यावर पुन्हा पीठ पसरलं आणि हळूहळू बोटांनी कड शोधू लागली.

पुढे सगळं उताराला लागलं. ओटा पुसून झाला असं समजून ती बाहेर जायची, आणि लेक आत आली की कोपऱ्यात पीठ, शेगडीमागे साखर. "आई, अगं पुसलंस का? पूर्वी आरशासारखा ठेवायचीस." "पुसते हं," आई म्हणायची आणि पुन्हा सगळा ओटा पुसायची, स्वच्छ होता तोही. जावई गरीब माणूस. तो तिच्यामागून येऊन गुपचूप फडकं मारायचा आणि कुणाला सांगायचा नाही. त्याच्या त्या चांगुलपणामुळेही गोष्ट झाकलीच गेली.

एकदा लेक माझ्यापाशी उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "आईचं हल्ली लक्षच नसतं कशात. वय झालं आता." आई दाराबाहेर उभी होती. तिने ते ऐकलं आणि खाकरून आत आली. विसराळू म्हटलेलं तिला चालणार होतं. खरं कळलं तर मात्र काय होईल याची तिला धास्ती होती.

मग समोरच्या दवाखान्यातली नर्स आली. तिच्या मुलाचा केक आईने दरवर्षी केलेला. ती खूप संकोचत म्हणाली, "काकू, रागावू नका. या वेळी केकमध्ये टरफलं आली. मुलाच्या हिरडीला लागलं थोडं."

आईचा चेहरा उतरला. पांढऱ्या वाडग्याशेजारी पांढऱ्या ओट्यावर अंडं फुटलं, तेव्हा मी तिथेच होतो. टरफलाचे तीन तुकडे माझ्या अंगावर पडले होते आणि तिने ते पिठाबरोबर ओढून घेतले होते. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो.

त्या दिवसापासून तिने काम घेणं थांबवलं. कुणी विचारलं की म्हणायची, "हात दुखतात हो आता." तीस वर्षं चाललेलं काम असं एका वाक्यात संपलं. लेकीला उलट बरं वाटलं. ती म्हणाली, "चांगलं झालं आई, आता जरा आराम कर." आई आराम करायला खुर्चीत बसायची आणि तिची बोटं मांडीवर काहीतरी मळत राहायची.

घरच्यासाठी मात्र ती अधूनमधून बिस्किटं करायची. अशाच एका दुपारी तिने ओव्हनमधून तापलेला ट्रे काढला. फळी नेहमी ओव्हनच्या उजवीकडे असायची, पण सकाळी जावयाने पाव कापायला घेतली होती आणि परत ठेवताना वीतभर पलीकडे ठेवली होती. आईने ट्रे तिच्या ठरलेल्या जागी टेकवला.

मी भाजलो. चर्र झालं, जळक्या राळेचा वास सुटला. आईने घाबरून ट्रे उचलला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. लेक धावत आली.

"आई! फळी शेजारीच होती ना गं! मिस्त्रीने सांगितलं होतं, किती वेळा सांगितलं होतं!"

"पुसते, पुसते. निघेल," म्हणत आईने ओलं फडकं घेतलं आणि घासायला लागली. जिवाच्या आकांताने घासत होती. लेक आणखी काही बोलणार होती, पण तिची नजर आईच्या हाताकडे गेली. आई डागाच्या शेजारची जागा घासत होती. तिथे काहीच नव्हतं. डाग तिच्या हातापासून वीतभर लांब होता.

"आई," लेक हळू आवाजात म्हणाली, "गेला का डाग?"

"जातोय की. बघ, फिका पडला," आई म्हणाली आणि त्याच स्वच्छ जागेवर फडकं फिरवत राहिली.

लेकीने तिचा हात धरला आणि फडकं काढून घेतलं. मग लेक म्हणाली, "किती दिवस झाले, आई?"

"कशाला?"

"आई."

तेव्हा आईने मान खाली घातली. "कडेकडेने जायला लागलं होतं," ती म्हणाली. "मग पांढरं पांढऱ्यात दिसेना. काळ्यावर दिसायचं अजून. ओटा बदलायच्या आधीपासूनच."

दुसऱ्या दिवशी ते तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत आल्यावर लेक माझ्यावर दोन्ही कोपर टेकून उभी राहिली आणि नवऱ्याला पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, जणू तो बरोबर नव्हताच. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. गेलेली नजर परत येत नाही. दोन वर्षांपूर्वी आलं असतं तर बरीच वाचवता आली असती. आता थेंब घालायचे आणि जेवढी टिकेल तेवढी टिकवायची.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "तेव्हा आपण लाद्या बघत फिरत होतो."

मग ती आईकडे वळली आणि रडतच ओरडली, "सांगितलं का नाहीस? मी कोण परकी होते का?"

आई खुर्चीत शांत बसली होती. "सांगितलं असतं तर तू मला ओट्यापाशी उभं राहू दिलं असतंस?"

लेकीने डोळे पुसले. ती खरंच उभं राहू देणार नव्हती, हे त्या दोघींनाही माहीत होतं आणि मलाही.

त्यानंतर थेंब सुरू झाले. घड्याळ लावून, एक थेंब चुकू न देता लेक घालत होती. पण फार उशीर झाला होता. आईची नजर सावकाश आकसत गेली. लेकीने मला उखडून टाकायचं ठरवलं, मिस्त्रीलाही बोलावलं. मला वाईट वाटलं नाही. न्या मला, असंच मी म्हणत होतो. मिस्त्री म्हणाला, आधी काळ्या लादीचा एक तुकडा आणून देतो, त्यावर काकूंना दिसतं का बघा.

तो काळा तुकडा आणून देऊन गेला. लेकीने तो माझ्यावर ठेवला, नीट पुसला, वरचा दिवा मंद केला. पिठाचा एक गोळा मळला, त्याचं चपटं गोल बिस्कीट थापलं आणि काळ्यावर मधोमध ठेवलं. मग आईला हाताला धरून आणलं.

"आई, बघ ना. आता दिसतंय का?"

आई वाकली. डावीकडे मान केली, उजवीकडे केली. जावई दारात उभा होता. मला खात्री होती, आता ती म्हणणार, हो, दिसतंय की. इतकी वर्षं ती तेच म्हणत आली होती.

"नाही गं," आई म्हणाली. "काहीच नाही दिसत."

लेक रडली नाही. तिने "असू दे" म्हटलं नाही, "होईल बरं" असंही म्हटलं नाही. तिने आईचा हात उचलला आणि त्या कच्च्या बिस्किटावर ठेवला. आईने कडेवरून बोट फिरवलं. "जाड झालंय," ती म्हणाली, "एकीकडे लाट अजून." लेक लाटायला लागली. ते बिस्कीटही एका बाजूला करपलंच. ओटा बदलायचं मग राहूनच गेलं, कारण आता मी काळा असतो काय आणि पांढरा असतो काय.

मित्रांनो, आमच्यासारखे ओटे आत्मवृत्त सांगतात तेव्हा शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमच्यावर तापलेलं भांडं ठेवू नका. मी तसं म्हणणार नाही. माझ्यावर खुशाल ठेवा. डाग पडला तर पडला. तुम्ही फक्त एक करा. आज घरी गेलात की आजीशेजारी, आजोबांशेजारी थोडा वेळ नुसते उभे राहा. ती कप कुठे ठेवते, ते दाराची कडी कशी शोधतात, ते बघा. काही वेगळं वाटलं तर विचारा. ती म्हणेल, काही नाही रे, मला काय धाड भरलीय. तिथे थांबू नका. पुन्हा विचारा.